मेहुण्याचा बंपर

जासईच्या भंगारवाल्याकडे निघताना मी बोल्ट सोडवायच्या पान्यांची पिशवी बरोबर घेतली होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे ‘जाता जाता सुचलं हो’ असं म्हणून मीच मला सोडून देईन. काम काय होतं? गाडी त्याच्या ताब्यात द्यायची, कागदांवर सह्या करायच्या आणि नवीन पनवेलला घरी येऊन जेवायचं. एवढ्या कामाला पाने लागत नाहीत. पण माझ्या पिशवीत पाने होते, गंज सोडवायचा स्प्रे होता, हातमोजेसुद्धा होते.

गाडी माझ्या मेहुण्याची. बायकोचा धाकटा भाऊ. लग्न न केलेला, तोंडाचा फटकळ, ‘दाजी, दाजी’ म्हणत माझीच टिंगल करणारा. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात तो सुपरवायझर होता. त्याच्याकडे जुनी जीप होती आणि त्याच्या नादाने मीही तसलीच घेतली. सुट्टीच्या दिवशी आपटा गावाला जायचं, पाताळगंगेच्या काठाला दगडगोट्यांत गाड्या घालायच्या, माझी गाळात रुतली की त्याने दोर लावून ओढायची, असा आमचा ठरलेला कार्यक्रम. “दाजी, तुमची गाडी म्हणजे वरातीतली घोडी. नटवायची आणि मिरवायची. कामाला माझी,” असं तो म्हणायचा. राग यायचा, कारण खरं होतं.

त्याच्या जीपला पुढे लोखंडी बंपर होता. कंपनीचा नव्हे, त्याने मुद्दाम बनवून घेतलेला. जाड चॅनेलचा, टोकं किंचित वर वळवलेली, दोर अडकवायला समोर दोन दणकट हुक. माझ्या जीपचा बंपर पत्र्याचा, नुसता म्हणायला बंपर. मला त्याचा हवा होता. त्याच्यासारखा दुसरा बनवून घेता आला असता, पण मला तसला नको होता, तोच हवा होता. एकदा मी मागितलाही. तो हसत म्हणाला, “मी मेल्यावर घ्या.” हे वाक्य पुढे मी माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून किती वेळा उभं केलं! पण तो थट्टा करत होता हे मलाही माहीत होतं आणि त्या साक्षीदारालाही.

उरणच्या रस्त्यावर, भर दुपारी, मागून एक ट्रेलर त्याच्या जीपवर आदळला. जीपचा मागचा भाग पुढच्या सीटपर्यंत आत आला. समोरून मात्र गाडीला खरचटलंसुद्धा नव्हतं. पंचनाम्याला मी गेलो होतो, तेव्हा माझी नजर त्या बंपरवर गेली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मेहुणा हॉस्पिटलच्या शवागारात, बायको घरी भिंतीला टेकून बसलेली, आणि मी बघतोय काय, तर बंपर वाकलाय का. शी! लिहितानासुद्धा लाज वाटते.

बायको त्या दिवसांत फार रडली नाही. तिने एकच गोष्ट निक्षून सांगितली. “त्या गाडीचा खिळासुद्धा माझ्या दारात यायला नको. काय ते तुम्ही उरका, आणि मला सांगूही नका.” सासूसासरे आधीच गेलेले, त्यामुळे वारस तीच. केस संपेपर्यंत गाडी पोलिसांच्या आवारात गंजत पडली. मग सुटली, तेव्हा बायकोने न वाचता सह्या केल्या आणि कागद माझ्या हातात दिले. तिचा माझ्यावर एवढा भरवसा होता.

आणि नेमकं त्याच सुमाराला आमच्या सोसायटीच्या गेटच्या खांबाला मी माझी जीप ठोकली. खांब जागेवर, बंपरचा पापड. वॉचमन तोंड फिरवून हसला. तेवढं निमित्त पुरलं. मनात पाप असलं की निमित्त पायात येऊन घुटमळतं.

भंगारवाला आगरी, अघळपघळ बोलणारा. क्रेनने गाडी त्याच्या आवारात टाकली होती आणि गॅसकटर तयारच होता. मी बंपरखाली आडवा होतोय हे बघून तो म्हणाला, “दादा, तुमी कशाला कपडे खराब करता? आमी गॅस लावतो, दोन मिंटात निंगल.”

“नको, कापू नका. मला अख्खा हवाय.”

“अख्खा?” तो माझ्याकडे बघत राहिला. “यो तुमच्या मेव्हण्याचाच ना?”

“हो. आठवण म्हणून,” मी म्हणालो.

“मंग बरोबर हाय,” तो म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी चहा मागवला. आठवण! माझ्या तोंडून किती सहज निघालं ते. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण लहानपणापासून ऐकत आलोय. खाणारा माणूस राक्षसासारखा दिसत असेल असं वाटायचं. खरं तर तो माणूस जमिनीवर पाठ टेकून, चहा बाजूला ठेवून, बोल्ट सोडवत असतो.

बोल्ट गंजून घट्ट झाले होते. स्प्रे मारला, थांबलो, पुन्हा मारला. एक बोल्ट फिरेना म्हणून पान्याला पाइप लावून जोर काढला तेव्हा बोटांची पेरं सोलून निघाली. घाई होती मला. भंगारवाल्याचे लोक मागून गाडी कापायला लागले होते आणि मी पुढून बंपर काढत होतो. सगळे बोल्ट सुटले, बंपर छातीवर आला, तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला. उठून कपडे झाडले, टेम्पो बोलावला आणि वळूनही न बघता निघालो.

मेहुण्याचा नेहमीचा गॅरेजवाला पनवेलातच होता, पण त्याच्याकडे जायची माझी छाती झाली नाही. तो बंपर लांबून ओळखला असता. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कोकणी मुसलमान मिस्त्रीकडे गेलो. आखातात बरीच वर्षं वाळवंटातल्या गाड्या दुरुस्त करून आलेला माणूस. त्याने बंपरवर हातोडी वाजवून बघितली, आवाज ऐकला आणि खूश झाला. “माशाअल्ला, काय माल आहे! असं लोखंड आता कोण घालतो?” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “अपघाताच्या गाडीचा तर नाही ना, साहेब? लोक विचारत नाहीत, मी विचारतो. माझी आपली खोड.”

“छे छे. कंपनीची गाडी होती, लिलावात निघाली.”

हे माझं दुसरं खोटं, ‘आठवणी’नंतरचं. पुढे हेच घरी वापरलं, नवीन बनवायचेही कष्ट घेतले नाहीत.

बंपर बसेना. दोन्ही जीप सारख्याच, म्हणून मला वाटलं होतं लावला की बसला. पण गेटच्या खांबाने माझ्या जीपच्या सांगाड्याचं, चेसिसचं, एक टोक आत दाबलं होतं. डावीकडची भोकं बरोबर समोरासमोर आली, उजवीकडची बोटभर सरकलेली. मी म्हणालो, “चाचा, भोक मोठं करून टाका ना.” ते माझ्यावर भडकले. “भोक मोठं केलं तर बोल्ट खेळणार. खड्ड्यात गेली गाडी की खडखड. आधी गाडी सरळ करायची, मग बंपर. उलटं काम मी नाही करत.” त्यांनी चेसिसचं टोक तापवलं, साखळी लावली, जॅकने हळूहळू ओढलं, मोजलं, पुन्हा ओढलं. मी खुर्चीवर बसून वाट बघत होतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाठ फिरवत होतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! कुणी ओळखीचा थांबला आणि म्हणाला, ‘हा तर त्याचा बंपर’, तर?

मेहुण्याने बंपरवर दिव्यांचे दोन स्टँड लावले होते. ते मी कापायला लावले. पिवळा रंग होता, तो ग्राइंडरने खरवडला, रेड ऑक्साइड मारला, त्यावर काळा. पिवळा भुगा जमिनीवर पडत होता. मी मिस्त्रींना म्हणालो, “जरा घाई करा.” शेवटी बोल्ट भोकांतून आरपार गेले, त्यांनी आवळले, बंपरवर उभं राहून उड्या मारून दाखवल्या. बंपर तसूभर हलला नाही. मी घरी आलो ते छाती काढून.

बायको बाल्कनीतून बघत होती. खाली आली. मेहुणा गेल्यापासून ती माझ्या जीपमध्ये बसली नव्हती. पनवेल स्टेशनपर्यंतसुद्धा रिक्षाने जायची. तिने बंपरवर हात ठेवला, दाबून बघितला.

“कुठून आणलात?”

“लिलावात एका कंपनीची गाडी निघाली होती. जवळपास नवीच.”

“अपघाताची नाही ना?”

“अगं, वेडी आहेस का?”

ती म्हणाली, “मजबूत दिसतोय. आता कशी गाडीसारखी गाडी वाटते.” पुढच्या रविवारी ती आपणहून म्हणाली, “आपट्याला जाऊ या का? नदीवर?” पुढच्या सीटवर बसली, पदर नीट केला, दरवाजाची मूठ घट्ट धरली. पळस्प्याच्या पुढे गेल्यावर तिने मूठ सोडली. नदीवर आम्ही भेळ खाल्ली. ती पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, “मला वाटलं होतं, आता मी कधी बसायचीच नाही.” मी भेळेचा कागद चुरगळला. ती बरी होत होती, आणि कशाच्या जोरावर, तर त्याच बंपरच्या, ज्याला तिने दारात येऊ द्यायचा नाही म्हणून सांगितलं होतं. सांगावं, तर ती पुन्हा मिटून जाणार. न सांगावं, तर मी रोज तिच्या शेजारी स्टेअरिंगवर बसणार. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी खवखवत राहिलो आणि गप्पही राहिलो.

मग दसरा आला. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांनी आपापल्या गाड्या धुतल्या. मीही धुतली. दर वर्षी माझ्या गाडीला हार मीच घालतो, कसाबसा, दोऱ्याने कुठेतरी गुंडाळून. या वर्षी ती पूजेचं ताट घेऊन खाली आली आणि म्हणाली, “द्या इकडे. तुमचा हार दुपारपर्यंत रस्त्यावर असतो.”

झेंडूचा हार, मध्ये आंब्याची पानं, भाताच्या लोंब्या. ती वाकली. हाराचं एक टोक धरून तिचा हात बंपरच्या मागे गेला, तिथे गाठ मारली. मग दुसऱ्या टोकाला गेली, न बघता हात मागे घातला, गाठ मारली. हार ताठ बसला. ती उठायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. पुन्हा हात मागे घातला. चाचपलं. खूप वेळ चाचपलं.

बंपरच्या आतल्या बाजूला, दोन्ही टोकांना, सळईच्या दोन छोट्या कड्या होत्या. मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. मी बाहेरची बाजू खरवडून घेतली, आतून मिस्त्रींनी नुसता रंग फवारला. आई गेल्यापासून भावाच्या गाडीला दसऱ्याचा हार बहीणच घालायची. हार सटकतो म्हणून ती एका वर्षी कुरकुरली, तर पुढच्या वर्षी त्याने कड्या मारून घेतल्या होत्या. “घे ताई, तुझ्यासाठी सोय केली,” म्हणाला होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त तिची पाठ दिसत होती.

तिने ताट उचललं. बंपरला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, ओवाळलं. नारळ मी फोडला. चाकांखाली लिंबं ठेवून मला म्हणाली, “बसा. पुढे घ्या.” मी गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली. शेजारचे ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत आपट्याची पानं देऊन गेले, तिने सगळ्यांना हसून पानं दिली. मी आपला फडकं घेऊन पुसलेल्याच काचा पुसत होतो.

वर आल्यावर तिने ताट ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “तुम्ही स्वतः काढलात?”

“हो.” मी पुढे झालो. “मी चुकलो. मला मोह झाला. तुला फसवलं मी...”

“ते राहू दे.” तिने हात वर केला. “म्हणजे तुम्ही गाडीजवळ होतात. बराच वेळ.”

“हो.”

“पुढच्या सीटखाली पेटी होती. त्यात त्याचा डबा असायचा. बघितलात का?”

मी शिव्या खायला तयार होतो, माहेरी निघून जाते म्हणाली असती तर त्यालाही तयार होतो, जरी आता माहेर उरलं नव्हतं. या प्रश्नाला तयार नव्हतो. तो रोज सकाळी आमच्याकडून डबा न्यायचा आणि संध्याकाळी आणून द्यायचा. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, सासूबाईंचं नाव घातलेला.

“त्या दिवशी कारलं दिलं होतं मी,” ती म्हणाली. “घरात दुसरं काही नव्हतं. कारलं दिसलं की तो डबा तसाच झाकून परत आणायचा. म्हणून मी म्हणत होते, खिळासुद्धा नको. भरलेला डबा परत आला असता तर मी काय केलं असतं? पण आता रोज वाटतं, बघायला हवं होतं. जेवला होता का तो? रिकामा होता की भरलेला?”

मी आत डोकावलोही नव्हतो. माझे डोळे बंपरवर होते. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की माझ्या तोंडून निघून गेलं, “रिकामा होता.”

“धुतलेला?”

“नाही. खरकटा.”

ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे भरले. “खाल्लं म्हणजे कारलं त्याने! आणि तरी मेल्याने धुतला नाहीच. किती वेळा सांगितलं, निदान विसळून आणत जा.” तिने पदराने डोळे पुसले, मग तिचं हसू हळूहळू थांबलं. “मग कुठे आहे तो?”

मी गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिलो.

“एवढा जड बंपर उचलून आणलात,” ती म्हणाली, “आणि माझ्या आईचा डबा तेवढा जड झाला?”

“भंगारवाल्याकडेच ठेवलाय,” मी म्हणालो. “आणतो.”

आणि दसऱ्याच्या दिवशी, हार घातलेली जीप घेऊन मी जासईला गेलो. भंगारवाल्याने मला बघून डोक्याला हात लावला. “कवाच गेली ती गाडी, दादा. भट्टीत. डबाबिबा कोन बघतो? स्टीलची भांडी त्या ढिगात टाकतो आमी.” मी त्या ढिगाशी बसलो. ताटं, वाट्या, कळशा, डबे. डबा दिसला की उलटा करून नाव वाचायचो. कुठल्या कुठल्या बायकांची नावं, त्यांच्या सासरची आडनावं, लग्नात मिळालेली भांडी. सासूबाईंचं नाव कुठेच नव्हतं. आमच्या डब्यासारखा एक होता, अगदी तसाच, पण त्यावर दुसऱ्याच बाईचं नाव. तो हातात घेऊन मी विचार केला, नाव घासून काढलं तर? बाकी सगळं घासून काढता येतंच मला. मग तो ढिगात टाकला आणि घरी आलो.

तिने दार उघडलं ते ओल्या हातांनी. आधी माझ्या हातांकडे बघितलं. ओट्यावर तिने चिंच भिजत घातली होती, डबा घासायला. मी दारातच सांगितलं. की मी पेटी उघडलीच नव्हती. की रिकामा, खरकटा, सगळं मी बनवलं. की डबा होता की नव्हता, हेसुद्धा मला माहीत नाही आणि आता कुणालाच कळणार नाही.

तिने ओले हात पदराला पुसले.

“म्हणजे तो जेवला की नाही...”

“माहीत नाही.”

ती ओट्याकडे गेली. वाटीतलं पाणी ओतून दिलं, भिजलेली चिंच मुठीत घेतली, पिळली, आणि कुठे ठेवावी ते न सुचून तशीच हातात धरून उभी राहिली.

“मग उपाशीच गेला असेल,” ती म्हणाली.